शिबिरातला एक आकडा आणि घरचे सात दिवस : तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी आणि उपकेंद्रांतील सर्व कर्मचारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात आमच्या गावातील महिला बचत गट आणि मच्छीमार मंडळी यांनी मिळून आपल्या कार्यालयाकडे एक साधा अर्ज दिला होता. रक्तदाबाच्या रुग्णांनी घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या नोंदी उपकेंद्रात पाहिल्या जाव्यात आणि केसपेपरवर उतरवून घेतल्या जाव्यात, एवढीच त्यात विनंती होती. महिन्याभराने उत्तर आले की घरच्या यंत्रावरील आकडे ग्राह्य धरता येणार नाहीत, आरोग्य शिबिरातील किंवा केंद्रातील नोंद हीच अधिकृत राहील. हे उत्तर मला मान्य नाही. ते निमूटपणे फाईलला लावून ठेवणेही मला जमणार नाही, कारण याच समजुतीपायी माझ्या घरातील दोन माणसांचे नुकसान झाले आहे. एकीला नको असलेली गोळी मिळाली आणि दुसऱ्याला हवी असलेली मिळाली नाही.

तालुक्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्या उपकेंद्रातील सिस्टर भर पावसात पाखाडी उतरून वाडीवाडीत जातात, आणि या पत्रामुळे त्यांच्यामागे चौकशी लागावी अशी माझी मुळीच इच्छा नाही. शिवाय खाडीपलीकडे आणि पुढच्या बंदरांवर राहणाऱ्या नातेवाइकांकडूनही मी हेच ऐकते आहे. पत्र खुले ठेवले ते त्यासाठी. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले; मी डॉक्टर नाही. मात्र या तीन वर्षांत, ज्यांना विचारणे शक्य होते त्या सर्व डॉक्टरांना विचारून आणि जे वाचणे शक्य होते ते वाचून, मगच हे लिहीत आहे.

माझी आई ७१ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा शिबिरात गेली, ते शिबिर मी जिथे शिकवले त्याच शाळेच्या व्हरांड्यात भरले होते, त्यामुळे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. ती वरच्या वाडीतून पाखाडीच्या पायऱ्या उतरून आणि शाळेचा चढ चढून आली. सकाळी मशेरी लावलेली होती, आल्याबरोबर कोणीतरी चहा हातात दिला, आणि तिचा नंबर लागला तेव्हा तिला पाठ नसलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसवले गेले. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. हात टेकवायला टेबल नव्हते, म्हणून तो मांडीवर लोंबता राहिला. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला, त्याची चिकटपट्टी झिजलेली असल्यामुळे तो सुटू नये म्हणून एका मुलीने हाताने धरून ठेवला, आणि यंत्र फुगत असतानाच सिस्टर तिला वय, आधार क्रमांक आणि मुले किती ते विचारत होत्या. आकडा आला तो मोठ्याने वाचला गेला : एकशे चौसष्ट, ब्याण्णव. मागच्या रांगेतील साठ-सत्तर माणसांनी तो ऐकला. त्या दिवशी तिला एक गोळी सुरू झाली. पुढच्या शिबिरात आकडा पुन्हा चढाच निघाला, म्हणून दुसरी गोळी जोडली गेली.

घरी येऊन ती म्हणाली, “माका त्या पट्ट्याचा भय नाय गो, आता डॉक्टर काय सांगतलो ह्याचा भय वाटता.” या एका वाक्यात तिचे निदान होते. ते मला कळायला दीड वर्ष लागले.

त्या दीड वर्षात तिला उठताना अंधारी येऊ लागली. आम्ही वयाला दोष दिला. एका पहाटे ती पडवीतून मागच्या दारी जाताना कोसळली आणि उजवे मनगट मोडले. शहरातील एका फिजिशियनांनी तिला आधी बसवून आणि मग उभी करून रक्तदाब पाहिला, तेव्हा उभ्याचा वरचा आकडा ९८ होता. त्यांनी गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या, अखेरीस थांबवल्या, आणि महिन्याभराने तिच्या दंडाला चोवीस तास रक्तदाब नोंदवत राहणारे यंत्र बांधले. रातांब्यांचे दिवस होते. ती ओटीवर बसून रातांबे फोडत होती. दर अर्ध्या तासाने पट्टा फुगू लागला की हातातली साल तशीच धरून ती थांबायची, आणि पट्टा सैल झाला की पुन्हा पुढचे फळ घ्यायची. दिवसाची सरासरी १२४/७४ आली, रात्रीची ११०/६४, आणि तीसुद्धा एकही गोळी न घेता. त्याच आठवड्यात त्याच डॉक्टरांच्या खोलीत पहिला आकडा १५८ होता. याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे दवाखान्यात चढणारा आणि घरी ठीक असणारा रक्तदाब.

दुसरी हकीकत माझ्या थोरल्या दिरांची. त्यांना सारे भाऊ म्हणतात. वय ५४, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांचा आकडा चार वर्षे दर शिबिरात १५० ते १६२ आणि खालचा ९६ ते १०० असा निघत होता. दरवेळी त्यांना सांगितले गेले की शिबिरात सगळ्यांचेच वाढते, टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा. हे सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ते खरे आहे का हे चार वर्षांत एकदाही कोणी घरी मोजून पाहिले नाही. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पाण्यात गेल्यावर, जाळे ओढताना त्यांच्या छातीत कळ आली. किनाऱ्याला येऊन, गाडी मिळवून, घाट चढून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत सहा तास गेले. ते वाचले. हृदयाची पंप करण्याची शक्ती मात्र ३५ टक्क्यांवर आली आहे आणि होडी आता धाकटा भाऊ नेतो. तेथील डॉक्टरांनी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट दाखवून मला समजावले की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे, आणि अशी भिंत एका दिवसात जाड होत नाही. वर्षानुवर्षे चढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलत राहिल्याची ती खूण असते. म्हणजे भाऊंचा रक्तदाब शिबिरापुरता चढत नव्हता. तो होडीवर, घरी आणि झोपेतही चढलेलाच होता.

आई आणि भाऊ यांचे शिबिरातले आकडे शेजारी शेजारी ठेवले तर त्यांत फरक दिसत नाही. १६४/९२ आणि १५८/९८. कागदावर दोघे एकाच आजाराचे रुग्ण आहेत. त्यांच्या हृदयाला असलेला धोका मात्र एकसारखा नाही, आणि तो फरक शिबिरातल्या टेबलावरून कोणालाच दिसू शकत नाही, मग तो डॉक्टर कितीही हुशार असो. माझे सारे म्हणणे या एका गोष्टीत आहे.

यात नवे काही नाही. १९८३ साली इटलीत ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतून थेट दाब नोंदवत ठेवला आणि त्या वेळी डॉक्टरांना रक्तदाब मोजायला पाठवले. डॉक्टर आल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने चढलेला आढळला. पुढे १९८७ मध्ये त्यांनीच दाखवले की डॉक्टरऐवजी नर्स आली तर हा चढ बराच कमी असतो. १९८८ मध्ये न्यूयॉर्कमधील थॉमस पिकरिंग यांच्या गटाने गोळ्या सुरू न केलेल्या, रक्तदाब मर्यादेच्या जरासाच वर असलेल्या २९२ रुग्णांना तसेच यंत्र बांधून पाहिले, तर २१ टक्के लोकांचा दिवसभराचा रक्तदाब सामान्य निघाला. दवाखान्यातील मर्यादा १४०/९० आणि घरची मर्यादा १३५/८५ धरली जाते, ती या फरकाची जाणीव ठेवूनच.

आता धोक्याविषयी, कारण आपल्याकडे यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. कायम चढलेल्या रक्तदाबाबद्दल शंकेला जागा नाही. सुमारे दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार, ४० ते ६९ या वयात, ११५/७५ च्या पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दर टप्प्याला सुमारे दुप्पट होतो. भाऊ या शिडीवर दोन पायऱ्या वर उभे होते.

व्हाइट कोटचा धोका त्याहून पुष्कळ कमी आहे, पण तो शून्य नाही, आणि हे मी आईची मुलगी म्हणून नाइलाजाने मान्य करते. २७ अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक लोकांचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्हाइट कोट हायपरटेन्शन असून उपचार न घेणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सामान्य रक्तदाबाच्या लोकांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त आढळला. वय वाढलेले असेल, सोबत मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हा धोका अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो. इटलीतील पामेला अभ्यासात दहा वर्षांनी असेही दिसले की ज्यांचा रक्तदाब आज फक्त दवाखान्यात चढतो, त्यांचा तो पुढे कायमचा चढण्याची शक्यता सामान्य माणसाच्या सुमारे अडीच पट असते. म्हणून “काही नाही, घाबरल्यामुळे झाले” असे म्हणून आईला घरी पाठवणे हेही योग्य नाही. तिला आज गोळी नको आहे. पण दरवर्षी मोजणी, साखर, चरबी, लघवी आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी) तपासणी, मशेरी सोडण्यासाठी मदत आणि मिठाविषयी नीट बोलणे तिला हवे आहे. पावसाळ्यात आमच्या घरी खारवलेले बांगडे, सुकट आणि लोणचे यांवर दिवस निघतात. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणजे काय, हे कोणीतरी आमच्या चुलीजवळ बसून मोजून दाखवायला हवे.

आणि याची उलटी बाजूही आहे, जिच्याविषयी आमच्या शिबिरांत मी एक शब्दही ऐकलेला नाही. काहींचा रक्तदाब दवाखान्यात सामान्य निघतो आणि घरी किंवा कामावर चढलेला असतो. त्याला लपलेला रक्तदाब म्हणतात, आणि त्याचा धोका कायम चढलेल्या रक्तदाबाच्या जवळपास जातो. शिबिरातून “नॉर्मल” असा शिक्का घेऊन परतणाऱ्यांत अशी माणसे असणार, आणि घरची नोंद ग्राह्यच नसेल तर ती कधीच सापडणार नाहीत.

आपण जे चांगले केले आहे ते मी विसरलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासन आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस सुरू केलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये आपल्या कोकणातला सिंधुदुर्ग होता. त्या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. गोळी गावातच आणि मोफत मिळू लागली, ही लहान गोष्ट नाही; भाऊंची आजची औषधे तिथूनच येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला, तेव्हा शिबिरे हवीतच. माझी तक्रार शिबिरानंतर काय होते, किंवा होत नाही, याविषयी आहे.

पहिली तक्रार मोजण्याच्या पद्धतीची. पाच मिनिटे शांत बसणे, अर्धा तास आधी चहा-तंबाखू न घेणे, लघवीला जाऊन येणे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर, मोजताना बोलणे नाही, आणि एक मिनिटाच्या अंतराने किमान दोन नोंदी : हे नियम आपल्याच प्रशिक्षणातले आहेत. आईच्या वेळी यातला एकही पाळला गेला नाही. यासाठी जास्त पैसे लागत नाहीत. पाठीच्या चार खुर्च्या आणि दोन टेबले तर त्याच शाळेच्या वर्गात होती.

पट्ट्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला जास्त खुपतो. आमच्या उपकेंद्रात एकाच मापाचा पट्टा आहे. वल्हे आणि जाळे ओढून ज्यांचे दंड भरलेले आहेत त्या खलाशांना तो अपुरा पडतो, आणि अपुरा पट्टा आकडा खोटा वाढवतो. आईसारख्या काडीच्या दंडाला तोच पट्टा सैल बसतो. यंत्र शेवटचे कधी पडताळले हे विचारले तर कोणाला सांगता आले नाही.

तिसरी तक्रार अशी की आकडा सगळ्यांदेखत वाचला जातो. लहान गावात रक्तदाबाचा आकडा ही बातमी असते. त्या धास्तीने पुढच्या खेपेला तो आणखी चढतो, आणि काही बायका तर शिबिराला येणेच सोडतात.

आणि अखेरची तक्रार आपल्या त्या उत्तराची. जागतिक पातळीवरची मार्गदर्शक तत्त्वे निदान पक्के करण्यासाठी घरच्या किंवा चोवीस तासांच्या नोंदी घ्या असे सांगतात, आणि आपले कार्यालय त्याच नोंदी अग्राह्य ठरवते. दंडावर बांधायचे, पडताळलेले यंत्र दीड-दोन हजारांत मिळते. सात दिवस, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन नोंदी, सकाळच्या नाश्ता आणि गोळीपूर्वी, पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी : चौथीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे. आमच्या गटातील बायका बँकेचे हिशेब ठेवतात. त्यांना चार आकडे लिहिता येणार नाहीत असे मानणे आम्हाला दुखावणारे आहे.

म्हणून आम्ही पुढील गोष्टी मागत आहोत.

शिबिरातील नोंद ही चाळणी मानावी. १४०/९० च्या वर निघालेल्या माणसाला, हृदय, मेंदू किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण नसेल तर, गोळी सुरू करण्यापूर्वी किंवा “काही नाही” म्हणून परत पाठवण्यापूर्वी सात दिवसांच्या घरच्या मोजणीवर पाठवावे. आकडा १८०/११० किंवा त्याहून वर असेल, किंवा छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे असे काही असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

प्रत्येक उपकेंद्राला उसनी देण्यासाठी किमान पाच यंत्रे आणि तीन मापांचे पट्टे द्यावेत. यंत्र कसे लावायचे हे आशाताईंनी एकदा घरी येऊन दाखवावे. आमच्या गटातील दोघी त्यांच्याबरोबर फिरायला तयार आहेत. सात दिवसांची वही केसपेपरला जोडावी आणि तिच्यावर उपचार ठरावेत.

तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात चोवीस तासांचे एक तरी यंत्र असावे. घरच्या आणि दवाखान्याच्या आकड्यांचा मेळ बसत नाही, गोळ्या घेऊनही अंधारी येते, अशा रुग्णांना त्यासाठी शहर गाठावे लागू नये. साठीच्या पुढच्या रुग्णांचा रक्तदाब उभे करूनही मोजावा. ही एक सवय असती तर आईचे मनगट वाचले असते.

व्हाइट कोट आढळलेल्यांची वेगळी यादी ठेवून त्यांना वर्षातून एकदा बोलवावे.

खलाशांसाठी जून-जुलैच्या मासेमारीबंदीचा काळ धरावा. एरवी ते पहाटे समुद्रात असतात आणि शिबिराच्या वेळी झोपेत असतात. बंदीत होड्या शाकारलेल्या असतात, माणसे घरी असतात, जाळी विणत ओटीवर बसलेली असतात. सात दिवस ओळीने मोजायला याहून चांगला काळ आमच्या किनाऱ्यावर नाही.

हे पत्र वाचणाऱ्या गावकऱ्यांना एक विनंती. आईच्या गोळ्या डॉक्टरांनी तपासून, हळूहळू थांबवल्या. आपला रक्तदाब “घाबरल्यामुळे” आहे असे स्वतःच ठरवून कोणीही गोळी सोडू नये. भाऊंनाही चार वर्षे तेच वाटत होते.

बंदी सुरू व्हायला आता थोडेच दिवस आहेत. त्यापूर्वी आपण आपले उत्तर बदलून कळवावे. आमच्या गटाने वर्गणी काढून दोन यंत्रे आणली आहेत आणि चाळीस वह्या आखून ठेवल्या आहेत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर, नाव आणि वयाच्या खाली, उपकेंद्राच्या शिक्क्यासाठी चौकट मोकळी सोडली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका